संध्याकाळी सातचं काय करायचं? दारू सोडलेल्यांसाठी योग, श्वास, हरिपाठ आणि बाकीचे आधार

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. तालुक्याच्या स्टँडवर उतरलो. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गोळ्यांची पुडी आणि सूर्यनमस्काराच्या बारा चित्रांचा लॅमिनेट केलेला तक्ता. घर उजवीकडं, दहा मिनिटांवर. पाय डावीकडं वळले. दारूच्या दुकानाच्या हिरव्या जाळीपाशी पोचायच्या आधीच कोपऱ्यावरच्या फुटाणेवाल्यानं हाक मारली, "लई दिवसांनी, तात्या! कुठं होताव?" मी काही बोलायच्या आत त्यानं कागदाचा पुडा वळला, फुटाणे भरले, वर कांदा आणि तिखट-मीठ टाकून पुढं केला. पाच-सहा वर्षं रोज याच वेळेला तोच पुडा घेऊन मी आत जात होतो. त्याचा काय दोष? पैसे दिले, पुडा घेतला आणि मागं फिरलो. घरी पोचेपर्यंत फुटाणे संपले होते आणि शर्ट घामानं भिजला होता.

केंद्रात योग सकाळी सहाला असायचा. मला तो चांगला जमायलाही लागला होता. पण सकाळी सहाला मी कधी पीतच नव्हतो.

एवढी साधी गोष्ट कळायला मला दोनदा घसरावं लागलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. आमच्या भागात कुणी नव्यानं सोडली की घरची माणसं त्याला माझ्याकडं पाठवतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "योगानं सुटती का? ध्यानानं? आयुर्वेदानं?" नुसत्या त्यानं सुटत नाही. सुटलेली टिकवायला मात्र या गोष्टी कामाला येतात, त्याही तुमच्या पिण्याच्या वेळेला नेमून ठेवल्या तर. पुढं क्रमानं सांगतो. मधल्या पायऱ्या मागं-पुढं केल्या तरी चालतील, पहिली मात्र पहिलीच राहू द्या.

पहिली पायरी: आधी दवाखाना

रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की शरीर बंड करतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो. अंगावर किडे फिरताना दिसतात, माणूस गोधडीतून काहीतरी वेचत बसतो, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाला नाही तर यात माणूस जातो. आमच्या शेजारच्या वाडीत अशा एकाला "बाहेरचं लागलं" म्हणून दोन दिवस अंगारा लावून घरात बसवला होता. तिसऱ्या दिवशी फिट आली तेव्हा जीपमध्ये घातला. वाचला, पण थोडक्यात.

म्हणून रोजच्या पिणाऱ्याला थेट योग शिबिरात किंवा ध्यानाला पाठवू नका. आधी पाच-सात दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत काढा. तिथं थरथर आणि फिट आवरायला ठरावीक दिवसांची, रोज कमी होत जाणारी औषधं देतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात. गावात "ग्लुकोजची बाटली लावा" हा ठरलेला इलाज असतो. दारूनं पोखरलेल्या शरीरात थायमिनआधी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा व्हायचा धोका वाढतो. "डॉक्टर, हे रोज पिणारे आहेत, थायमिन दिलं का?" एवढं विचारा. विचारण्यात अपमान नाही कुणाचा.

जायचं कुठं? छत्रपती संभाजीनगरला घाटी (तिथलं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. तिथं मानसोपचार विभाग आहेत. बाकीच्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून जावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

दोन गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका. एक, संभाजीनगरकडं पोरं ज्याला "बटन" म्हणतात त्या गोळ्या. यात बहुतेकदा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम असतं आणि त्या एकदम थांबवल्या तरी फिट येते. त्या डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दुसरी, शिंदी, म्हणजे झाडापासून काढलेली ताडीसारखी दारू. नांदेडच्या सीमेवरची माणसं "आम्ही दारू पीत नाही, शिंदी घेतो" असं निर्धास्त सांगतात. शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम सापडलेलं आहे. तिथं २०१५ साली भेसळीवर कारवाई होऊन ती मिळेनाशी झाली, तेव्हा पिणाऱ्यांनी दवाखाने भरले होते. झाडाचं म्हणून साधं समजू नका.

दुसरी पायरी: चोरून काही देऊ नका

"न कळत दारू सोडवा", अशा पाट्या एसटीच्या मागं आणि स्टँडच्या भिंतींवर असतात. पावडर भाजीत कालवायची, बस्स. आत काय आहे ते पुडीवर नसतं.

अशा पुडीत डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, डॉक्टरही देतात. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊक आहे तो त्या भीतीनं हात आखडतो. ज्याला ठाऊकच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि रस्त्यात पडतो. शेवटच्या गोळीनंतरही याचा परिणाम चौदा दिवसांपर्यंत राहू शकतो. यकृताच्या आणि हृदयाच्या तपासण्या करून, माणसाला समजावून, त्याच्या होकारानंच हे औषध द्यायचं असतं. नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही वेगळ्या तऱ्हेनं ओढ कमी करणारी औषधंही आहेत. योग सुरू केला म्हणून यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आयुर्वेदाबद्दल माझं मन वाईट नाही, पण दोन सूचना. आसव आणि अरिष्ट या प्रकारच्या औषधांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतोच. द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट "ताकदीसाठी" म्हणून घरात येतं आणि जिभेला जुनी ओळख पटते. डायसल्फिराम चालू असेल तर त्यानंही त्रास होतो. वैद्यांना स्पष्ट सांगा: दारू सोडली आहे, आसव-अरिष्ट नको. दुसरं, काढे. यकृत आधीच सुजलेलं असतं. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. वाद त्यांचा त्यांच्यात चालू द्या. आपण यकृताचा रिपोर्ट वैद्यांसमोर ठेवल्याशिवाय काढा सुरू करायचा नाही.

तिसरी पायरी: केंद्र बघून घ्या

सगळ्यांनाच केंद्रात राहायची गरज नसते. ज्यांना असते त्यांनी जाहिरातीतला हिरवळीचा फोटो बघू नये, पाच प्रश्न विचारावेत. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात? रात्री फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता? घरच्यांना फोन कधी करता येतो? दिवसाचं वेळापत्रक दाखवाल का? मी ज्या पहिल्या केंद्रात होतो तिथं वीस दिवसांत डॉक्टर एकदाच आले, आणि तेही पावती पुस्तकावर सही करायला आल्यासारखे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजारही येतात. या कायद्यानं साखळीनं बांधणं बंद, सक्तीनं डोकं भादरणंही बंद. स्वतःच्या इच्छेनं दाखल झालेल्या सज्ञान माणसानं घरी जातो म्हटलं तर त्याला डांबून ठेवता येत नाही. फार तर तपासणीसाठी डॉक्टर चोवीस तास थांबवू शकतात. "इथं आल्यावर महिनाभर भेट नाही" असं सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. आपल्याकडून अजूनही पुष्कळ जण तिकडं जातात. मला त्यात एक अडचण दिसते, केंद्राची नव्हे, अंतराची. माणूस तिथं बरा होतो, पण त्याचा जुना कोपरा, जुना फुटाणेवाला इथंच असतो. त्यामुळं केंद्र कुठलंही असो, परत यायच्या आधी पुढची पायरी करून ठेवा.

चौथी पायरी: वहीत संध्याकाळ लिहा

शंभर पानी वही घ्या. दारू प्यायचात त्या दिवसांतला कुठलाही एक दिवस आठवा आणि दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाला काय चालायचं ते लिहा. कुठून निघायचो, कुठल्या रस्त्यानं, कोण भेटायचं, खिशात पैसे कुठून यायचे, पोटात काय असायचं. लाजू नका, वही कुणाला दाखवायची नाही.

माझ्या वहीत निघालं ते असं: साडेपाचला मोंढ्यातून (धान्यबाजारातून) सुटका, पोटात सकाळच्या दोन भाकरींशिवाय काही नाही, सहाला हमालीचे पैसे हातात, आणि सव्वासहाला कुणीतरी म्हणणार, "बसायचं का?" म्हणजे भूक, पैसा आणि सोबत, तिन्ही पाऊण तासात गोळा. दारूची ओढ आभाळातून पडत नाही, तिला वेळापत्रक असतं. ज्यांना डोळा उघडल्याबरोबर लागायची त्यांची वही अर्थात पहाटेपासून सुरू होईल आणि त्यांना सकाळचाच योग उपयोगी पडेल.

आता त्या वेळापत्रकाला एकेक ठिकाणी पाचर मारायची. मी मालकाला सांगून हमालीचे पैसे आठवड्यानं, तेही घरी द्यायला लावले. रस्ता बदलला, चार मिनिटं लांब पडतो. आणि साडेपाचला खायला लागलो.

खाण्याचं लोक हसण्यावारी नेतात. रिकाम्या पोटाची घालमेल आणि दारूची ओढ सुरुवातीच्या महिन्यांत इतकी सारखी लागते की माणसाला फरकच कळत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या आत पोटात भाकरी पडू द्या: ज्वारीची अर्धी-पाऊण भाकरी, पिठलं किंवा शेंगदाण्याची चटणी, वर तांब्याभर ताक. हुलग्याचं माडगं मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. गोड खावंसं फार वाटेल, गुळाचा खडा खा, पण आधी साखर तपासून घ्या, मधुमेह असलेले आपल्यात कमी नाहीत. चहा मात्र संध्याकाळी एकच. रात्रीची झोप आधीच तुटकी असते, ती आणखी मोडू नका.

झोपेसाठी एक घरगुती गोष्ट सांगतो, औषध म्हणून नाही. काशाच्या वाटीला तेल लावून तळपाय दहा-दहा मिनिटं घासून घ्या. माझी माय घासून द्यायची. तिनं त्या सगळ्या महिन्यात दारूबद्दल एक शब्द काढला नाही, वाटी काळी झाली की फक्त दाखवायची.

पाचवी पायरी: श्वास आणि थोडीशी आसनं

ओढ आली की ती वाढतच जाणार असं वाटतं. तसं होत नाही. ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत उतरते, अट एवढीच की मध्ये घोट घेतला नाही पाहिजे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली: लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर स्वार व्हायचं. आपल्याकडं समुद्र कुणी पाहिलाय? मी नव्या पोरांना चैत्रातली वावटळ सांगतो. रानात वावटळ अंगावर आली तर तुम्ही तिच्यामागं पळत नाही आणि तिला काठीनंही मारत नाही. डोळे बारीक करून, टोपी धरून जागेवर उभे राहता. ती धूळ-पाचोळा घेऊन जाते.

करायचं असं. भिंतीला पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लागू द्या. डोळे उघडे ठेवा. सुरुवातीला डोळे मिटले की बाटलीच दिसते, म्हणून उघडे. नाकानं चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. श्वास कोंडून ठेवायचा नाही. मग ओढ अंगात कुठं बसली आहे ते शोधा. घशात? पोटात? जबड्यात? माझी डाव्या जबड्यात बसायची. तिथंच लक्ष ठेवा, घालवायचा प्रयत्न करू नका, फक्त बघत राहा, आणि घड्याळ समोर ठेवा. पहिल्या वेळेला बारा मिनिटं म्हणजे वर्ष वाटतं. वहीत लिहा: किती वाजता आली, किती वाजता गेली. पंधरा दिवसांनी ती पानं चाळली की माणसाला स्वतःचाच विश्वास येतो. ओढ नसताना रोज दहा मिनिटं हा सराव केलेला असावा लागतो. आग लागल्यावर विहीर खणायची नसते.

आसनं थोडीच पुरतात: ताडासन, मार्जारासन, शेवटी शवासन, सगळी मिळून वीस मिनिटं, संध्याकाळी खाण्याच्या आधी. कपालभाती आणि भस्त्रिका पहिल्या तीन महिन्यांत नको. रक्तदाब जास्त असेल, फिट येऊन गेली असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नंतरही नको. टीव्हीवर बघून पोट आपटत बसलेला आणि चक्कर येऊन पडलेला एक मास्तर मी स्वतः उचललाय.

यानं होतं काय? योगानं झोप आणि बेचैनी सुधारायला मदत होते, असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण बरेचसे लहान आहेत. सजग ध्यानावर आधारलेल्या आठ आठवड्यांच्या शिक्षणाचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाला. २८६ माणसं होती आणि वर्षभरानंतर ध्यान शिकलेल्यांचं नशेचं आणि बेसुमार पिण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी निघालं. पण ती सगळी आधी नेहमीचे उपचार पुरे करून मग ध्यानाला बसली होती. तेच तर मी पहिल्या पायरीपासून सांगतोय. कानाच्या पाच बिंदूंवर सुया टोचायचं अॅक्युपंक्चरही शहरात कुठंकुठं करतात. त्यानं व्यसन सुटल्याचा ठोस पुरावा निघालेला नाही. शांत वाटत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर करा, नाहीतर राहू द्या.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर अनेक जण विचारतात. मौन, फोन जमा, पहाटे चारपासून रात्रीपर्यंत बसणं. सोडून पाच-सहा महिने झाल्यावर, अर्जात व्यसनाचं आणि गोळ्यांचं खरं खरं लिहून जा. सोडल्या सोडल्या नको.

सहावी पायरी: दिवेलागणीची सोबत

मला सगळ्यात जास्त हे सांगायचं होतं.

आमच्या गावात हरिपाठ संध्याकाळी होतो. दिवे लागले की मारुतीच्या पारावर टाळ वाजतात. लहानपणी ऐकलं होतं, मधली वीस वर्षं मी त्या वेळेला दुसरीकडं होतो. परत गेलो तेव्हा लक्षात आलं की ही नेमकी माझीच वेळ आहे. मग इकडं-तिकडं बघायला लागलो. मशिदीत मगरिबची नमाज सूर्य मावळल्याबरोबर होते. नांदेडला गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी रहिरास साहिबचा पाठ असतो. बुद्धविहारात संध्याकाळच्या वंदनेला पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं शील "सुरामेरय मज्ज पमादट्ठाना वेरमणी", म्हणजे नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, हेच आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दिवस-रात्रीच्या सांध्यावर माणूस सैरभैर होतो, हे आपल्या आधीच्यांना ठाऊक असावं. कारण काही का असेना, बसायला जागा तयार आहे, फी नाही, आणि तुमच्याच वेळेला आहे.

आपल्या घरच्या रिवाजातलं जे असेल ते धरा. देव मानत नसाल तर तालीम, वाचनालय, व्हॉलिबॉलचं मैदान धरा. ठिकाण चालत जाण्याजोगं हवं, रोजचं हवं, आणि तुम्ही आला नाहीत तर कुणीतरी "आज का नाही आलाव?" असं विचारणारं हवं.

हरिपाठाचा फायदा मला भक्तीपेक्षा फुफ्फुसांना आधी जाणवला. अभंग लांब ओढून म्हणायचा म्हणजे श्वास हळूहळू सोडावाच लागतो. चार आत, सहा बाहेर, न मोजता. हातात टाळ असल्यानं हाताची थरथर कुणाला दिसत नाही. पहिल्या आठवड्यात माझा टाळ सारखा चुकायचा. शेजारी बसलेले एक म्हातारबाबा दर चुकीला माझ्या गुडघ्यावर हळूच ठेका द्यायचे, माझ्याकडं न बघता.

माळेबद्दल जपून. तुळशीची माळ घातली की दारू आणि मटण दोन्ही बंद, आणि ते गावभर सगळ्यांना कळतं. त्या जाहीरपणानं पुष्कळ जण वाचलेले आहेत. पैठणला नाथषष्ठीला जाऊन माळ घातलेले, वीस वर्षं न ढळलेले लोक मला माहीत आहेत. पण घसरलेला माणूस माळ काढून खुंटीला टांगतो आणि लाजेनं परत पाराकडं फिरकत नाही, हेही पाहिलंय. म्हणून नव्या माणसाला मी सांगतो, सहा महिने नुसता हरिपाठाला ये. माळेची घाई करू नको.

याच्या जोडीला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या बोलण्यातून ही सुरू झाली, भारतात १९५७ पासून आहे. तास-दीड तास बसायचं, आडनाव सांगायचं नाही, आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. फी नाही, वर्गणी मर्जीची. पारावर जे बोलता येत नाही ते तिथं बोलता येतं. बायकोच्या पाटल्या-डोरलं विकल्याचं मी हरिपाठात कुणाला सांगणार होतो? प्रत्येक तालुक्याला मीटिंग नाही, पण फोनवरून जोडल्या जाणाऱ्या मराठी मीटिंगाही चालतात. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. ताई-वहिनींनो, तिथं "ह्यांना कसं सुधारू" यापेक्षा तुमच्या झोपेबद्दल आणि जेवणाबद्दल बोलणं होतं. जा एकदा.

सातवी पायरी: हाताला काम

एखाद्या दिवशी हरिपाठ होत नाही, पाऊस येतो, माणूस आजारी पडतो. अशा संध्याकाळसाठी हाताला काम हवं. मोबाइल नको, त्यात हात मोकळेच राहतात.

एक हमाल भाऊ बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणायला लागला. घरातल्या तुटक्या बाजेची सुतळी काढली आणि नवी भरायला घेतली. सुतळी भिजवून ओढायची, एक खाली एक वर घालायची, दर चौथ्या फेरीला ताण बघायचा. पहिली बाज त्यानं तीनदा उसवली, कारण बोटं थरथरायची आणि ताण एका बाजूला जायचा. तिसऱ्या महिन्यातली बाज एकसारखी आली. तपासणीला गेला तेव्हा डॉक्टरांनी हात पुढं करायला सांगितले, तर म्हणतो, "हात कशाला बघताव, बाज बघायला या." आता गल्लीतल्या लोकांच्या बाजा त्याच्याकडं येतात. कुणाला शेळ्या जमतात, कुणाला पखवाज, कुणाला परसातली मेथी. संध्याकाळी करता येणारं आणि बोटं गुंतवणारं काहीही चालेल.

तंबाखूनं मात्र हात गुंतवू नका. दारू सुटलेला माणूस दिवसाला दोन पुड्या मळायला लागतो आणि घरचे म्हणतात, जाऊ द्या, एवढं तरी. ते सोडायलाही मदत आहे: १८००-११२-३५६.

आठवी पायरी: कॅलेंडरवर खुणा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा: गटारी अमावास्या, पोळा, धुळवड, गावची जत्रा, कंदुरी, भावकीतली लग्नं, निवडणूक. त्या दिवशी संध्याकाळी कुठं असणार ते आठवडाभर आधी ठरवा. वरातीला जाऊ नका, अक्षता टाकून जेवून परत या. येळवसला (वेळ अमावास्येला) रानात आंबील प्या पोटभर, पण अंधार पडायच्या आत लेकरांबरोबर बैलगाडीतून घरी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट अवघड आहे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातात पडते तो दिवस पहिला धोका, म्हणून कोयता (तोडीची जोडी) नवरा-बायकोचा असतो तसे पैसेही दोघांसमोर, शक्यतो बायकोच्या खात्यात घ्यावेत. दुसरा धोका फडावरचा. दिवसभर मोळ्या उचलून अंग ठणकतं आणि कोप्यांवर (पाचटाच्या झोपड्यांवर) सगळेच "दुखणं मरतं" म्हणून घेतात. गरम पाण्यानं आंघोळ, तेल, लवकर भाकरी, लवकर अंथरूण. टोळीत न पिणारा आणखी एक जण आधीच शोधून ठेवा आणि कोपी त्याच्या शेजारी घाला. गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम मिळत नाहीत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर सगळं लिहून घ्या, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवा.

आणि घसरलात तर

त्याच रात्री एका माणसाला फोन करा. लाज वाटणारच, लाजेसकट करा. दुसऱ्या दिवशी "आता गेलंच सगळं" म्हणून उरलेली बाटली संपवू नका. पुन्हा रोजचं सुरू झालं असेल तर थांबताना परत पहिली पायरी, दवाखाना. वहीत त्या दिवसाची संध्याकाळ अर्ध्या-अर्ध्या तासानं लिहा, पाचर कुठं निसटली ते दिसेल. माझी पहिली घसरण आजारी भावाला दवाखान्यात सोडून परत येताना झाली. दिवसभर उपाशी होतो आणि रस्ता जुना होता. दुसरी मी हरिपाठ चार दिवस चुकवल्यावर.

घसरल्यावर मन फार काळं होतं. आपल्या भागात हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असं घर आहे, म्हणून मोकळं लिहितो. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. "जगून काय करू" असं घसरलेला माणूस बोलला तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, १४४१६ लावा, उजाडताच दवाखान्यात न्या.

घरच्यांना शेवटची विनंती. रोज तोंडाचा वास घेऊ नका. त्यापेक्षा संध्याकाळचा स्वयंपाक नऊला होत असेल तर तो साडेसहाला करा, आणि तुमचा माणूस पारावरून यायच्या वेळेला तवा गरम ठेवा.